अर्धं अर्धं पुस्तक

क्रूझवर कंटाळा यायला नको म्हणून लेकीने दोन ई-रीडर धाडले होते. एक मोरेश्वररावांना, एक शालनताईंना. दोन्हींत त्याच रहस्यकथा भरलेल्या. तरीही उघड्या बॅगेपाशी बसलेल्या शालनताईंचा चेहरा उतरलेला.

मोरेश्वररावांना काही उमगेना. अक्षर बारीक वाटत असेल म्हणून त्यांनी ते बोराएवढं करून दाखवलं. "विनोदी कथा हव्यात का? त्याही मागवू." शालनताईंनी यंत्र बाजूला सारलं.

लग्नापासून दोघांचा रिवाज ठरलेला. प्रवासाला एकच जाडजूड रहस्यकथा घ्यायची आणि गाडी सुटली की ती मधोमध फाडायची. पहिला अर्धा भाग वाचून झाला की मोरेश्वरराव तो बायकोकडे सरकवत आणि दुसरा उघडत. खुनी कळला की गालातल्या गालात हसत. "अहो, सांगाल तर याद राखा!" म्हणत शालनताई कानांवर हात ठेवत. घरी परतल्यावर त्याच दाभण घेऊन पुस्तक शिवून टाकत. कपाटातल्या सगळ्या रहस्यकथांच्या पाठीवर असे टाके.

"आता तू तुझं वाच, मी माझं. कटकटच मिटली," मोरेश्वररावांनी समजूत घातली.

"मिटली ना," शालनताई म्हणाल्या. "मग आठवडाभर बोटीवर आपण भांडायचं कशावरून?"

मोरेश्वरराव गोंधळले. हातातलं यंत्र त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, कडेवरून नख फिरवलं.

हे मधोमध फाडायचं तरी कुठून?