बहात्तर की एकशेवीस

पडून हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा निर्धास्त चालता यावं, म्हणून चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या आमच्या छोट्या कंपनीत आभासी वाटेवर चालवणारा हेडसेट तयार होत होता. त्यातलं चित्र सेकंदाला किती वेळा बदलावं, हे आज ठरायचं होतं.

“बहात्तर वेळा पुरे, बॅटरी टिकेल,” आमचा प्रमुख राडिम म्हणाला. “एकशेवीसची चैन कशाला? डोळ्यांना फरक कळतच नाही.”

“मग घाल आणि सांग,” हेडसेटच्या चाचण्या घेणारी हेडविका म्हणाली.

बूट सगळ्यांसारखेच त्यानेही दाराशी काढले होते. हेडसेट चढवून तो मोज्यांवर गालिच्यावर उभा राहिला. हेडविका न सांगता दोन्ही वेग आलटून पालटून लावत होती. सगळा वेळ तिची मान खालीच होती.

“सगळं सारखंच!” हेडसेट काढत तो हसला. “हरलीस ना? आता मान तरी वर कर, बाई.”

“डोळ्यांना नाहीच कळलं तुझ्या,” ती म्हणाली. “पण बहात्तर लावले की दर वेळी तुझ्या पायाची बोटं गालिचा घट्ट धरत होती. एकशेवीसला सैल सुटत होती.”

राडिमने आपल्या मोज्यांकडे पाहिलं.

“मोठी बॅटरी मागवा,” तो म्हणाला.