उंबऱ्याजवळचे ताट

खंडेनवमीच्या सकाळचे ऊन स्वयंपाकघरात येण्याची घाई करीत नव्हते. आधी ते पूर्वेच्या गजांतून पाण्याच्या हंड्यावर उतरले आणि तांब्याला थोडा वेळ न्याहाळत राहिले. मग पाट्यावरच्या ओल्या मसाल्यावरून, चुलीपुढच्या राखेवरून, सारवणातल्या बोटांच्या खुणांवरून ते हळूहळू पसरत गेले आणि अखेर भानुमतीआत्याच्या हातांवर येऊन थांबले. त्या हातांत चवळईची जुडी होती. सत्तरीला टेकलेली आत्या चष्म्यावाचून किडके पान न् पान वेचून बाजूला टाकत होती.

दाराशी उभा राहून मालोजी ते हात पाहत होता.

होळकरांच्या घोडदळात नाव काढलेले हे घराणे. राज्य गेले, मध्य प्रदेश झाला, तलवारी भिंतीवर चढल्या, आणि मालोजी पोलोग्राउंडच्या उद्योगवसाहतीतल्या एका कारखान्यात नकाशे काढू लागला. वारशात उरले ते एक दुखणे. मधुमेहाने आजोबांची दृष्टी नेली, वडिलांचा पाय नेला, आणि पुढच्याच वर्षी वडीलही नेले. कालच डॉक्टरांनी मालोजीला समोर बसवून सांगितले होते, "अभी आपको शक्कर नहीं है. लेकिन खानदान देखिए, अपनी कमर देखिए. गोश्त, घी, मिठाई छोड़िए. दाल, साग, मोटा अनाज खाइए. दवाई बाद में आती है, मालोजी, थाली पहले."

ते ताट त्याने कुठे तरी पाहिले होते. आज सकाळच्या उन्हात त्याला आठवले, कुठे.

आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. तेव्हापासून तिचे ताट उंबऱ्याजवळ वेगळे वाढले जाई: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, बिनतुपाची डाळ. मांस नाही, गोडधोड नाही. घरातले पुरुष पन्नाशीत खचत गेले आणि आत्या अजून पाटा-वरवंटा ओढत होती. सणाच्या मटणाचे वाटण तीच करी. पातेल्यावरचे झाकण उचलले की वाफेत क्षणभर डोळे मिटून घेई. 'धुराने,' असे मालोजी लहानपणापासून स्वतःला सांगत आला होता. आत्याला कशाचीच हाव नाही, असे सगळे घर म्हणे. तोही म्हणे.

दुपारी शस्त्रांची पूजा झाली आणि पंगत बसली. रीतीप्रमाणे कलेजीची पहिली वाटी घराण्याच्या वारसापुढे आली. मालोजीने ताटाला हात लावला नाही.

"क्या बात है, मालोजीराव!" प्रतापकाका म्हणाले. ते त्याचे धाकटे चुलते. त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरच्या जखमेची चिंधी पावसाळ्यापासून सुटली नव्हती. "उपास धरलाय का?"

"नाही काका. आजपासून मी मटण खाणार नाही. तूप नाही, श्रीखंड नाही."

"मग काय, गवत?" काका पंगतीकडे वळून हसले. "अरे भिया, घोडे गवत खातात. घोडेस्वार नाही!"

सगळे हसले. उभ्या आयुष्यात मालोजी चारचौघांत मोठ्याने बोलला नव्हता. त्याचे कान तापले.

"पाय घोडेस्वारांचे गेले, काका," तो म्हणाला. "घोड्यांचे नाही गेले."

हसणे जागच्या जागी विझले. काकांनी नकळत पाय धोतराखाली ओढून घेतला. मालोजी आपले ताट उचलून उभा राहिला. पंगत ओलांडून तो उंबऱ्याजवळ गेला आणि आत्यासमोर जमिनीवर बसला.

"उठ!" काका गरजले. "विधवेच्या ताटाशी बसतोस? तुझी बायको समोर उभी आहे, शरम कर! तिच्या कुंकवाचा तरी विचार कर!"

यशोधरा भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. वडीलधाऱ्यांपुढे तिने आजवर मान वर केली नव्हती.

"माझं कुंकू भाकरीनं नाही पुसलं जायचं, काकासाहेब," ती म्हणाली. "ह्यांच्या आईंचं कशानं पुसलं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय."

मालोजीच्या छातीत काहीतरी ताठ उभे राहिले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याची लाज वाटत नव्हती. त्याने आपले ताट खाली ठेवले आणि आत्याच्या ताटाला हात घातला.

"आत्या, हे मला दे. तू ज्याच्यावर जगलीस, त्याच्यावर मला जगायचंय."

आत्याने त्याच्याकडे पाहिले.

"घे की," ती म्हणाली. "पण मला तर हे कुणी विचारून नव्हतं दिलं, बाळा."

त्याने भाकरी मोडली, चवळईबरोबर घास घेतला. भाजी किंचित तुरट होती, चांगली होती. तो मान खाली घालून सगळ्यांसमक्ष जेवत राहिला. उठणार नव्हता.

तेवढ्यात जमिनीवर ताट सरकल्याचा आवाज झाला. त्याने मान वर केली.

आत्याने त्याचे ताट आपल्यापुढे ओढून घेतले होते. तिने पदर खोचला. पंगतीकडे एकदा नजर टाकली. ती नजर कोणालाही विचारत नव्हती. मग तिने कलेजीची वाटी उचलली, भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि घास तोंडात घातला. आणि डोळे मिटून घेतले.

चूल केव्हाच विझली होती. उंबऱ्याजवळ धूर नव्हता.

आत्याला मटण आवडत होते.