खालच्या मजल्यावरचा वास

"मास्तर, आज परत वास मारतोय!"

दारात वरच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. हात कमरेवर, कपाळाला आठ्या. मास्तरांनी रबरी हातमोजे काढले आणि सुस्कारा सोडला. आठवड्यातली ही तिसरी तक्रार.

मास्तर म्हणजे कुणी शिक्षक नव्हेत. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या, द्रावणं बनवली, पोरांनी फोडलेल्या काचा उचलल्या. पोरं गमतीने मास्तर म्हणायची, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात. रविवारी त्याचा फोन यायचा, तब्येतीपुरता. उरलेले सहा दिवस मास्तर मागच्या खोलीत खुर्च्या बनवायचे.

लाकडाला रंग फासणं त्यांना आवडत नसे. वरून फासलेला रंग म्हणजे उसनं अवसान, असं त्यांचं मत. ते ओकच्या लाकडाला अमोनियाची वाफ द्यायचे. खुर्ची प्लॅस्टिकच्या तंबूत ठेवायची, शेजारी पसरट भांड्यात तीव्र अमोनिया ओतायचा, कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही. लाकूड आतूनच काळवंडत जातं. पण तीच वाफ माणसाच्या छातीत गेली तर जीव घ्यायला कमी करत नाही. म्हणून तोंडाला मास्क, डोळ्यांना बंद गॉगल, खिडकी सताड उघडी.

"अहो, आज तर मी तंबू लावलेलाच नाही," मास्तर म्हणाले.

"तुमचं नाक मेलंय त्या औषधांनी. आम्हाला येतो ना!"

मास्तरांनी दाराच्या फटीत कापड कोंबलं, खिडकीच्या झडपांना पट्ट्या लावल्या. तक्रार काही थांबली नाही. फक्त लांबत गेली. वासावरून ती जिन्यातल्या दिव्यावर जायची, तिथून पाण्याच्या टाकीवर, तिथून बाईंच्या दुखऱ्या गुडघ्यावर. गुडघा दुखतोय म्हटल्यावर बसा म्हणावं लागलं. बसल्यावर चहा विचारावा लागला.

एकदा तक्रार ऐकता ऐकता चहाचं दूध करपलं. मास्तरांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. बाईंनी मात्र कप रिकामा केला.

"छान झालाय," त्या म्हणाल्या.

भांडखोर असली तरी रीतभात आहे, असं मास्तरांना वाटलं. हल्ली दुपारी ते दाराला कडी लावत नसत. उगाच उठून उघडायचा त्रास.

मग तो मंगळवार उजाडला. सहा महिने खपून केलेली हात असलेली खुर्ची तंबूत होती. दुपारी रंग कसा चढलाय ते बघायची मास्तरांना घाई झाली. गॉगलवर वाफ धरली म्हणून तो काढला, पाठोपाठ मास्कही ओढला. खिडकी उघडायची राहिली होती. पट्टी ओढताना कोपर लागलं आणि भांडं उपडं झालं.

पहिल्याच श्वासाला छातीत आग पेटली. डोळे उघडेनात. दार कुठल्या बाजूला ते कळेना. मास्तर गुडघ्यांवर आले आणि हाताने जमीन चाचपडत राहिले.

कुणीतरी काखेत हात घालून त्यांना ओढलं. फरफटत बाहेर गॅलरीत आणलं, तांब्यातांब्याने डोळ्यांवर पाणी ओतलं. कितीतरी वेळाने समोर बाईंचा चेहरा दिसला. त्यांचेही डोळे लालभडक झाले होते. नाकाला साधा पदरही न लावता त्या आत शिरल्या होत्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मास्तरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"वास आला," बाई म्हणाल्या आणि रस्त्याकडे बघू लागल्या.

दोन दिवस दवाखान्यात काढून मास्तर घरी आले ते खजील होऊन. इतके महिने ही बाई कानीकपाळी ओरडत होती आणि आपण तिला भांडखोर समजत होतो. त्यांनी अमोनियाच्या बाटल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत देऊन टाकल्या. हत्यारं पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. मग आयुष्यात पहिल्यांदा वरचा मजला चढून गेले.

"आता वास येणार नाही. सगळं बंद केलं."

"सगळं?"

"सगळं. तुमचंच बरोबर होतं."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार हळूच लोटलं.

त्यानंतर दुपारी कुणी आलं नाही. मास्तर सवयीने दोन कप पाणी चहाला ठेवायचे आणि एक परत ओतायचे. घर खायला उठायचं. वर जाऊन बाईंना बोलवावं, तर काय निमित्त सांगणार?

महिन्याने जिन्यात खोकी दिसली. बाईंची लेक सामान उतरवत होती.

"आईला माझ्याकडे नेलं, काका. सकाळीच पोचवलं. वर्षभर मागे लागले होते, ऐकतच नव्हती. गेल्या महिन्यात आपणहून फोन केला, ने म्हणाली."

मास्तरांनी कठडा धरला.

"माझ्यामुळे गेल्या त्या," ते म्हणाले. "फार त्रास दिला मी. रोज बिचाऱ्या खाली यायच्या वासाची तक्रार घेऊन. आता सगळं बंद आहे म्हणावं. परत या म्हणावं."

लेकीने खोकं पायरीवर टेकवलं.

"वासाची? काका, आठ वर्षं झाली, आईला कसलाच वास येत नाही."