बियाण्याला

नानांनी काकडीच्या देठाला लाल दोरा बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

"ही बियाण्याला," ते म्हणाले.

मागच्या दारात त्यांची सून उभी होती. सातवा महिना, पाय सुजलेले, खाल्लेलं अन्न पोटात ठरत नव्हतं. सकाळपासून तिला एकच गोष्ट खावीशी वाटत होती आणि ती समोर वेलावर लटकत होती. कोवळी, हिरवीगार, वीतभर.

"नाना, आज तेवढी द्या ना. दुसरं काही घशाखाली उतरत नाही."

"दोरा दिसत नाही का?"

दोरा दिसत होता. या घरात दुसरं दिसायचं तरी काय! परसात जे जे धड पिकेल त्याला नाना दोरा बांधायचे. भोपळा भरला, बांध दोरा. वांगं चकाकलं, बांध दोरा. किडकं, वाकडं, पाखरांनी टोचलेलं तेवढं घरच्यांनी खायचं, वर घरच्या भाजीची चव काही निराळीच म्हणून मानाही डोलवायच्या. दोरा बांधलेलं फळ वेलावरच पिवळं पडायचं, वाळायचं. मग त्याचं बी डब्यात जायचं आणि डब्यात त्याला किडे लागायचे. तेव्हा नाना मुकाट्यानं दुकानातून नवी पाकिटं आणायचे आणि पुन्हा दोऱ्याचं रीळ हातात घ्यायचे. अकलेच्या नावानं शून्य, पण ऐट अशी, की जगाचं पोट जणू याच्याच परसावर चाललंय.

"वेलाला अजून फुलं आहेत की," सून म्हणाली. "दुसरी येईल बियाण्याला."

"फुलं काय, कुणालाही दिसतात. पुढच्या वर्षाचा विचार कुणी करायचा?" नानांनी काठीनं मातीत एक लांब रेघ ओढली. "पुढच्या वर्षी इथपासून तिथपर्यंत काकडीच लावतो. मग खा पोटभर."

लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हे ऐकत होती. ते पुढचं वर्ष काही अजून उजाडलं नव्हतं. डोळे पुसत ती आत गेली. नानांना ते दिसलंच नाही, ते दोऱ्याचं उरलेलं टोक कापण्यात गुंग होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नानांची बायको सगळं बघत होती. या माणसापुढे तोंडची वाफ दवडणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. नाना आंघोळीला गेले तशी ती कात्री घेऊन परसात उतरली.

नाना भांग पाडून जेवायला बसले. ताट रिकामं होतं. समोर भाताचं आणि भाजीचं पातेलं होतं. दोन्हींच्या झाकणांवरून, एका कडीतून दुसऱ्या कडीत लाल दोरा ओवून वर घट्ट गाठ मारली होती.

"हे काय?"

"बियाण्याला ठेवलंय," बायको म्हणाली. "पुढच्या वर्षी जेवा पोटभर."

"डोकं फिरलंय का तुझं? भूक लागलीय मला."

"अहो, दोरा दिसत नाही का?"

आतल्या खोलीतून काकडी खाल्ल्याचा आवाज आला. कुरुम, कुरुम, सावकाश.

नानांनी गाठीकडे हात नेला. बायको बघत राहिली. ही एक गाठ स्वतःच्या हातानं सोडली, तर परसातल्या दोऱ्यांना उद्या कुणी भीक घालणार नाही, एवढं मात्र त्या टाळक्यात शिरलं. हात परत मांडीवर आला.

भात निवत होता. आतली काकडी अजून संपली नव्हती.