आधी डावीकडे

एकहार्टने आणीबाणीचा दांडा खेचला आणि दार हाताने सरकवलं. गाडी जागच्या जागी थांबली. वरच्या रुळाला टांगलेला डबा थोडा वेळ डोलला आणि मग स्थिर झाला. खाली वुपर नदी होती. उन्हाळ्यामुळे पाणी घोट्याएवढंच, बाकी सगळे दगड.

मार्लीसचे केस त्याच्या डाव्या मुठीत होते. उजव्या हातात सुऱ्यांसाठी नावाजलेल्या शेजारच्या झोलिंगन गावची सुरी होती. तो तिच्या मागे उभा होता, आणि तिच्या बुटांची टोकं दाराबाहेर गेली होती. कानामागून निघालेलं रक्त ओघळून तिच्या कॉलरमध्ये उतरत होतं.

"सांग या सगळ्यांना. घरी परत येतेस म्हणून सांग."

"नाही येत."

सुरी पुन्हा कानामागे टेकली. मार्लीस ओरडली, पण शब्द बदलला नाही.

एक सुतार मध्ये पडला होता. एकहार्टने कोपराच्या एका फटक्यात त्याचं नाक फोडलं होतं. तो आता उजवीकडच्या बाकावर बसून टोपीत रक्त झेलत होता. बाकीचे डब्याच्या दोन टोकांना गोळा झाले होते. फक्त बटाट्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी जागची हलली नव्हती.

"एकहार्ट, मेल्या, तुला मी उघडा-नागडा अंगणात धावताना पाहिलंय. सोड त्या पोरीला!"

"तू गप बस, म्हातारे. नाहीतर बटाट्यांच्या आधी तुलाच सोलीन."

काठावर पोलीस जमले होते आणि माना वर करून बघत होते. शिडी टेकवायला खाली धड जागा नव्हती. मागचं स्थानक दूर होतं, पुढचंही दूर. डब्यात कोणी चढू शकत नव्हतं, डब्यातून कोणी उतरू शकत नव्हतं.

"नीट बघून घ्या रे," एकहार्ट खाली ओरडला. "आता आम्ही दोघं तिकडेच येतोय."

त्याने मार्लीसला अर्धं पाऊल पुढे ढकललं. तिची एक टाच तेवढी आत राहिली.

तेवढ्यात डब्यातला भोंगा खरखरला. "प्रवाशांना सूचना. डबा डोलवण्यास सक्त मनाई आहे."

आवाज गाडीच्या चालकाचा होता, म्हाताऱ्या क्लोपहाउसचा. हे वाक्य या गावात प्रत्येकाने शाळेच्या वयात ऐकलेलं होतं. शाळा सुटली की पोरं डबा डोलवायची. एकाने हुकूम द्यायचा आणि सगळ्यांनी एकदम डावीकडे झेप घ्यायची, डबा परतला की उजवीकडे. सुरुवात कायम डावीकडून, कारण दारं उजवीकडे. मग क्लोपहाउस पुढच्या स्थानकात गाडी थांबवून हाताला लागेल त्याच्या कानाखाली वाजवायचा. बहुतेक वेळा त्याच्या हाताला एकहार्ट लागायचा, कारण हुकूम तोच द्यायचा. त्याच्या शेजारी खिडकीला लटकून हसणारी मुलगी म्हणजे मार्लीस.

"सक्त मनाई आहे," क्लोपहाउस पुन्हा म्हणाला. मग तो ओरडला, "पोरांनो, डावीकडे!"

बँकेतला कारकून, दोन परिचारिका, फुटक्या नाकाचा सुतार, बटाटेवाली म्हातारी, सगळ्यांनी एकदम डाव्या खिडक्यांवर अंग टाकलं. टोपली उलटली. डबा कलला आणि बटाटे घरंगळत डावीकडे गेले. एकहार्ट पाठीवर आदळला. मार्लीस त्याच्या छातीवर पडली. सुरी बाकाखाली गेली.

मग लोक त्याच्यावर तुटून पडले. सुताराने त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. कोणीतरी टाचेखाली त्याची बोटं चिरडली. मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि तरी कोणी थांबलं नाही. म्हातारी रिकाम्या टोपलीने तोंडावर मारत होती. एकहार्टने हात वर केला नाही. मार्लीस रांगत समोरच्या कोपऱ्यात गेली आणि पायाखालच्या फरशीकडे बघत बसली. क्लोपहाउसने येऊन दार ओढून घेतलं आणि मग एकेकाची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं, पूर्वी पोरांना ओढायचा तसं.

"पुरे! माणूस आहे तो!"

"होता," सुतार म्हणाला आणि रक्त थुंकला.

पुढच्या स्थानकात एकहार्टला स्ट्रेचरवरून उतरवलं. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. एक तरुण पोलीस मार्लीसजवळ आला. ती रुमाल कानामागे दाबून फलाटावर बसली होती.

"नशीब बाई तुमचं. गाडी वेळेवर कलली."

"गाडी नंतर कलली," मार्लीस म्हणाली.

"म्हणजे?"

"सुरी त्याने लावली, हे लिहा. मला ढकलायला निघाला होता, तेही लिहा. कोर्टात हेच सांगेन. घरीही जाणार नाही."

"बरं. आणि?"

तिने रुमालाची घडी बदलली.

"हुकूम झाला तेव्हा माझ्या पायाखालची फरशी सपाट होती. केस आधी मागे ओढले गेले आणि मग फरशी कलली. सगळ्यांच्या आधी डावीकडे गेला तो एकहार्ट."