कापलेल्या कडुनिंबाची सावली

यवतमाळच्या नगरपालिकेच्या बागेत झाडांपेक्षा पाट्या जास्त. अध्यक्षांच्या नावाचा दगड बसवायला या शहाण्यांनी एकुलता एक कडुनिंबही कापला, तोही ऐन मे महिन्यात.

उन्हाळ्याच्या सुटीत मी तिथे पोरांना काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढायला शिकवायचो. त्या सकाळी पोरांचं उत्तर साठ फूट आलं.

"कोणतं झाड मोजलं, बाबांनो?"

"ही सावली हाये ना, गुरुजी," म्हणत लहानगी मंजुळा तिच्यात जाऊन बसली.

दगडाभोवती कडुनिंबाची सावली पानापानांनी हलत होती. वर नुसतं आभाळ होतं.

मी मंजुळेला हात धरून उन्हात ओढलं.

"गुरुजी, मले थंडी वाजून राह्यली."

काठीची, पोरांची, माझी सावली जागच्या जागी होती. मंजुळेच्या पायांशी नुसतं पांढरं ऊन होतं.