वाटीतली कवळी

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून आजोबांनी आत धातूची जाळी असलेली कवळी काढून थेट माझ्या तळहातावर ठेवली. कोमट, लाळेने बुळबुळीत. मला शिसारी आली. ती स्टीलच्या वाटीत टाकून मी वाटी काचेबाहेरच्या माझ्या टेबलाच्या पार कडेला सारली.

आजोबांच्या हृदयाचे ठोके चुकायचे. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी हृदयाला आतून बारीक चटके दिले होते. त्या चटक्यांच्या व्रणांचं कडं सलग झालंय की मध्ये फट राहिलीय, एवढंच मला बघायचं होतं.

मी काचेपलीकडून माइकवर म्हटलं, "आजोबा, श्वास रोखा."

पडद्यावर व्रण उमटले. पांढरे, चौकोनी, एकाला एक खेटून. कडं कसलं, चक्क चावा होता तो! फक्त डावीकडे एका व्रणाची जागा रिकामी होती.

मी वाटीकडे पाहिलं. कवळीचाही डावीकडचा एक दात पडलेला होता.

मशीन थांबलं, तेव्हा काहीतरी चघळल्यासारखी मचमच ऐकू आली.

"आजोबा, तोंडात काही आहे का? चघळू नका!" मी खेकसले.

"बोळक्यानं काय चघळू, पोरी?" ते हसले. "मला वाटलं, तूच काहीतरी खातेयस."

मी माइक बंद केला. मचमच चालूच राहिली. अगदी माझ्या कोपराजवळ.

वाटीतली लाळ लाल झाली होती. कवळीच्या फटीत मांसाचा ताजा तुकडा अडकला होता. तो धडधडत होता, मधूनच एखादा ठोका चुकवत.